चंद्राच्या जागी गुरू असता तर

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तहसिलीतील चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव. तेथील आकाशातून चंद्रास रजा देऊन त्याच अंतरावर, म्हणजे सुमारे 3,84,400 किलोमीटरांवर, गुरूची नेमणूक केली, तर हात लांब करून शेजारी शेजारी धरलेल्या दोन मुठी जेवढे आकाश झाकतात तेवढे, म्हणजे जवळजवळ 21 अंश, त्याचे बिंब व्यापील. आपला चंद्र जेमतेम अर्धा अंश भरतो.

परंतु हा पाहुणा आपल्या अंमलाखाली राहणारा नव्हे. पृथ्वीच्या 318 पट वस्तुमानाचा गुरू तिच्याभोवती कसा फिरेल? पृथ्वीच त्याची उपग्रह होऊन सुमारे 37 तासांत एक प्रदक्षिणा करील, आणि कालांतराने तिची एकच बाजू त्याच्याकडे वळलेली राहिल्याने, गुरू चिखल्याच्या आकाशात उगवणार नाही की मावळणार नाही. तो एकाच ठिकाणी ठाण मांडून कला तेवढ्या बदलील. हे ठिकाण दक्षिणेस, मध्यमंडलावर, म्हणजे माथ्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर असले, तर रोज भर मध्यान्ही सूर्य त्याच्याआड जाऊन सुमारे दोन तास खग्रास ग्रहण लागेल. पंचांगकर्त्यांची मोठीच पंचाईत!

गुरूपासून साधारण एवढ्याच अंतरावर फिरणाऱ्या आयो या उपग्रहाचे अंतरंग भरतीच्या ओढाताणीने तापून त्यावर शेकडो ज्वालामुखी धगधगत आहेत, हे ध्यानी घेता हा शेजार आपणांस परवडणारा नाही. खरा गुरू अत्यंत जवळ येतो तेव्हाही सुमारे 59 कोटी किलोमीटर दूर असतो, आणि साध्या दुर्बिणीतून त्याचे चार मोठे चंद्र चिखल्याहूनही दिसतात.