साठीनंतरची शर्यत

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे शाळेतले पोरही बोलते. साठी उलटलेल्या माणसाने ओट्यावर बसावे, नातवंडे सांभाळावीत, फार तर सकाळी मळ्यावर एक फेरी मारून यावी, असा गावचा रिवाज आहे. परंतु ज्याने उमेदीत शर्यतीचे बैल पाळले, त्या म्हाताऱ्याकडे जरा लक्ष देऊन पाहा. गाडा हाकायला आता घरचा तरुण पोरगा असतो; पण खुराक काय द्यायचा, कोणता बैल कोणत्या बाजूला जुंपायचा, आज खोंडाचा पाय जड का पडतो आहे, हे म्हाताऱ्याला विचारल्यावाचून पान हलत नाही. वेगाची हौस वयाबरोबर ओसरत नाही. ती हातापायांतून निघून नजरेत आणि अनुभवात जाऊन बसते, एवढेच.

या आठवड्यात आपण अशाच एका हौशी माणसाची हकीकत पाहणार आहोत. त्याचा खेळ बैलांचा नव्हता, मोटारसायकलीचा होता. हौशी म्हणजे शर्यतीवर पोट न भरणारा, उलट स्वतःच्या खिशाला खार लावून शर्यतीत उतरणारा. हा माणूस शेतकऱ्याच्या घरचा होता, आणि सर्वांत मोठा पराक्रम त्याने केला तो वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.

शेतकऱ्याचा मुलगा

न्यूझीलंड हा गाई-मेंढ्यांवर जगणारा देश. त्याच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकारगिल नावाचे शहर आहे. तेथे २५ मार्च १८९९ रोजी हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म झाला. पुढे सगळे जग त्यांना बर्ट मन्रो म्हणू लागले. एडनडेल या गावाजवळ त्यांच्या घरची शेती होती. वडिलांनी कितीही दटावले तरी हा पोरगा घरातला सर्वांत चपळ घोडा काढून शिवारातून भरधाव सोडायचा. वेगाचे वेड ते तेव्हापासूनचे.

१९२० साली मन्रो यांनी एक मोटारसायकल विकत घेतली. तिचे नाव ‘इंडियन स्काउट’. नाव वाचून ती आपल्याकडची असेल असे कोणाला वाटेल. पण तसे नाही. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावच्या कारखान्याने हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांवरून घेतले होते. गाडी ६०० सीसीची, आणि नवी असताना तिची धाव ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. त्या काळी हा वेग कमी नव्हता. मन्रो यांना मात्र तो पुरेना. १९२६ च्या सुमारास त्यांनी गाडी उघडली आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे तिच्यात काही ना काही फेरफार करीत राहिले.

भंगारातून उभी राहिलेली गाडी

मन्रो श्रीमंत नव्हते. मोटारसायकली विकण्याची नोकरी करायची आणि रात्र रात्र जागून स्वतःच्या गाडीवर खपायचे, असा त्यांचा क्रम होता. शिवाय ज्या कारखान्याने ही गाडी बनवली, त्याचे उत्पादनच १९५३ साली बंद पडले. मग सुटे भाग आणायचे कोठून? मन्रो यांनी ते घरीच घडवले. पिस्टन हवे असतील तर धातू वितळवून जुन्या डब्यांत ओतायचा. सिलिंडर हवा असेल तर जुना बिडाचा नळ शोधून आणायचा. कनेक्टिंग रॉडसाठी त्यांनी ट्रॅक्टरचा जुना आस मिळवला आणि त्यातून दांडा हाताने कोरून काढला. बारीक माप घ्यायला मायक्रोमीटर लागतो. यांचा मायक्रोमीटर म्हणजे चाकाची एक जुनी तार!

विहिरीवरचे इंजिन ऐन भरणीच्या वेळी बंद पडले आणि तालुक्याला सामान मिळाले नाही, म्हणजे आपला शेतकरी काय काय उपाय करतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की मन्रो यांना गाडी नुसती चालू करायची नव्हती, ती जगाच्या पुढे काढायची होती. पिस्टन फुटायचे, दांडे मोडायचे, महिन्यांची मेहनत एका क्षणात वाया जायची. मोडलेले भाग त्यांनी फेकून दिले नाहीत. ते एका फळीवर ओळीने मांडून ठेवले आणि वर लिहिले, की हा वेगाच्या देवाला नैवेद्य.

मिठाचे मैदान

अमेरिकेत युटा नावाचे राज्य आहे. तेथे बॉनव्हिल नावाचे मिठाचे अफाट मैदान आहे. फार प्राचीन काळी तेथे मोठे सरोवर होते. ते आटले आणि मागे पांढऱ्या मिठाचा सपाट थर उरला. हिवाळ्यात त्यावर पाणी साचते, उन्हाळ्यात ते सुकते आणि जमीन टणक होते. आपल्याकडे चोपण जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर येतो, तसाच. मात्र मैलोगणती पसरलेला, आणि नजर पोहोचेल तेथवर ना झाड ना दगड. वेगाचे विक्रम करायला याहून चांगली जागा शोधूनही सापडायची नाही.

मन्रो एकदा हे मैदान नुसते पाहून आले. घराजवळच्या ओरेटी समुद्रकिनाऱ्यावरील टणक वाळूत गाडी पळवण्याचा सराव त्यांनी पूर्वीपासून केलेलाच होता. १९६२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ते समुद्रापार आपली जुनी गाडी घेऊन बॉनव्हिलला उतरले. तोवर इंजिनाचा बोअर वाढवून ते ८५० सीसीचे झाले होते, आणि वारा कापण्यासाठी गाडीवर माशाच्या आकाराचे कवच चढवलेले होते. त्या वर्षी त्यांनी ८८३ सीसीच्या वर्गात ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ साली १००० सीसीच्या वर्गात दुसरा विक्रम झाला, ताशी २७० किलोमीटरचा. आणि ऑगस्ट १९६७ मध्ये तिसरा. गाडी सत्तेचाळीस वर्षांची आणि स्वार अडुसष्ट वर्षांचा.

या विक्रमाची मोजणी कशी करतात, तेही सांगितले पाहिजे. ठरावीक अंतर एकदा जाताना आणि एकदा उलट येताना, असे दोनदा पळावे लागते आणि दोन्ही वेगांची सरासरी धरतात. जाताना वारा पाठीशी असला तर येताना तो तोंडावर असतो, म्हणून हा नियम. पात्रता फेरीत मन्रो यांनी एका दिशेला ताशी ३०५ किलोमीटरचा पल्लाही गाठला होता.

वय काय घेते, काय देते

ताशी ३०० किलोमीटर म्हणजे किती, याचा अंदाज आपल्या शेताच्या मापात करू. चौरस एकराची एक बाजू साधारण ६४ मीटर भरते. या वेगाने जाणारा माणूस एका सेकंदात ८३ मीटर जातो. म्हणजे पापणी लवून उघडेतो बांध मागे पडला!

अशा वेळी म्हातारपण आडवे येते. वय वाढले की डोळ्यांना जवळचे काटे वाचायला वेळ लागतो आणि प्रखर उजेडात ते दिपतात. धोका दिसला आणि हात हलला, यातले अंतर वाढते. मान आखडते, पकड सैल होते, उन्हात अंगातले पाणी लवकर तुटते. शर्यतीत हृदयाचे ठोके भराभर वाढतात. तरुणाला ते सोसते, म्हाताऱ्याला सोसेलच असे नाही. मन्रो यांना तर १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हृदयशूळाचा त्रास सुरू झाला होता. म्हणजे त्यांचे तिन्ही विक्रम दुखऱ्या छातीने केलेले आहेत.

१९६७ सालीच बॉनव्हिलला जिवावरचा प्रसंग आला. पल्ला अर्ध्यावर असताना गाडी डुलू लागली. वेग कमी व्हावा म्हणून मन्रो कवचातून उठून ताठ बसले, तर वाऱ्याने चष्मा उडवून नेला आणि डोळ्यांपुढे काहीच दिसेना. आखलेली रेघ केव्हाच सुटली होती. एक लोखंडी खुंट अगदी बोटभर अंतराने चुकला. शेवटी त्यांनी गाडी आडवी पाडली. थोडे खरचटले, तेवढ्यावर निभावले. दैव बलवत्तर म्हणायचे. हे सांगायचे कारण असे, की पराक्रमाच्या गोष्टी ऐकताना खुंट चुकल्याचे आपण ऐकतो. ज्यांचा खुंट चुकला नाही, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

मग वय देते काय? ते देते सबुरी. चाळीस वर्षे एकाच इंजिनाचा आवाज ऐकलेल्या माणसाला ते कण्हायच्या आधीच कळते. हाती धरलेले काम एका हंगामात नाही तर पुढच्या हंगामात होईल, असे म्हणण्याची ताकद तरुणाकडे क्वचितच असते. मन्रो नऊ वेळा बॉनव्हिलच्या शर्यतीत उतरले, त्यांतल्या तीनच वेळी विक्रम झाला. उरलेली सहा वर्षे पाऊस न पडलेल्या सालासारखी त्यांनी पचवली आणि पुन्हा पेरणीला उभे राहिले.

ते एकटेच असे नव्हते. अमेरिकेचे नामवंत नट पॉल न्यूमन यांना शर्यतीचा नाद चाळिशीनंतर, एका चित्रपटात काम करताना लागला. हौशी चालकांच्या राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी चार वेळा जिंकल्या. १९९५ साली, सत्तर वर्षांचे असताना, डेटोना येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांच्या संघाने आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला. तेथे एक गाडी तीन-चार जण पाळीपाळीने चालवतात. म्हणजे म्हाताऱ्याने अनुभव द्यायचा, तरुणांनी दम द्यायचा. आपल्या एकत्र कुटुंबासारखाच तो कारभार. आणि हर्शेल मॅक्ग्रिफ नावाचे गृहस्थ २०१८ साली ॲरिझोना राज्यातील एका मोटार शर्यतीत नव्वदाव्या वर्षी उतरले.

घरच्यांचा हिशेब

आता नाण्याची दुसरी बाजू. मन्रो यांचे लग्न झाले होते, चार मुले होती. रात्र रात्र गाडीपाशी घालवणाऱ्या माणसाचा संसार कसा चालणार? १९४० नंतरच्या दशकात पतिपत्नी विभक्त झाले. मन्रो यांनी नोकरीही सोडली आणि सगळा वेळ गाडीला वाहून टाकला. छंदाची किंमत पैशात मोजता येते तोवर ती सोपी असते. शर्यतीच्या बैलापायी घरातल्या माणसांकडे दुर्लक्ष झाल्याची उदाहरणे आपल्याही पाहण्यात आहेत. बायकोच्या वाट्याला काय आले, हे विक्रमाच्या वहीत लिहिलेले नसते.

पण याच घरातून पुढे एक गोष्ट घडली. मन्रो यांच्या मृत्यूनंतर कैक वर्षांनी त्यांचा मुलगा जॉन याने १९६७ सालचा हिशेब पुन्हा तपासला. दोन फेऱ्यांची सरासरी काढताना बेरीज-भागाकारात चूक राहिली होती. अडत्याच्या पट्टीत चूक निघावी, तशी ती निघाली. अमेरिकेतील मोटारसायकल संघटनेने २०१४ साली ती मान्य केली आणि विक्रम ताशी २९५ वरून २९६ किलोमीटरच्या घरात गेला. वाढ जेमतेम एका किलोमीटरची. परंतु बापाच्या नावावरची ती थकबाकी मुलाने वसूल केली, आणि तीही बाप जाऊन ३६ वर्षे झाल्यावर.

थांबायचे केव्हा

१९७७ साली मन्रो यांना अर्धांगाचा झटका आला. रुग्णालयातून आल्यावर हातपाय पूर्वीसारखे एकमेकांचे ऐकत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. ते चिडले, कष्टी झाले. पण हट्टाला पेटले नाहीत. आपल्या दोन्ही जुन्या गाड्या त्यांनी गावातल्याच एका दुकानदाराला विकून टाकल्या. परगावी अधिक पैसे मिळतील का, याचा शोध घेतला नाही. गाड्या आपल्याच मुलुखात राहाव्यात एवढीच त्यांची इच्छा होती. थकलेला बैल बाजारात न नेता गावातल्याच चांगल्या दावणीला बांधणारा शेतकरी आपण पाहिला आहे. ६ जानेवारी १९७८ रोजी मन्रो वारले. त्यांच्या हकिकतीवर २००५ साली चित्रपट निघाला, आणि २००६ पासून त्यांच्या मुलुखात त्यांच्या नावाने मोटारसायकलींच्या शर्यती भरू लागल्या. त्यांतली एक ओरेटीच्या त्याच वाळूवर होते.

आपल्याकडेही चेन्नईजवळ आणि कोइंबतूरजवळ शर्यतीसाठी खास बांधलेले मार्ग आहेत. वेगाची हौस असेल तर ती अशा बंदिस्त जागीच पुरवावी. हमरस्त्यावर शर्यत म्हणजे स्वतःच्या आणि परक्याच्या घरावर निखारा ठेवणे. साठीनंतर उतरायचे झाले तर आधी डॉक्टरांकडून छाती, रक्तदाब आणि डोळे तपासून घ्यावेत, आणि डॉक्टर नको म्हणाले तर ते ऐकावे. शिरस्त्राणाशिवाय बसू नये. आणि घरच्यांना न सांगता तर मुळीच जाऊ नये.

हे सारे जमत नसेल तरी बिघडले नाही. ज्यांच्या पडवीत जुनी मोटारसायकल किंवा बंद पडलेले इंजिन धूळ खात आहे, त्यांनी या उन्हाळ्यात ते उघडावे आणि नातवाला हाताशी धरून एकेक भाग पुसून मांडावा. इंजिन चालू होईल की नाही, हे पुढचे पुढे. पिस्टन कशाला म्हणतात आणि तो का फुटतो, एवढे त्या पोराला आजोबांकडून कळले, तरी सुट्टी सत्कारणी लागली म्हणायची.