ट्रॅक्टरवाल्या फर्ग्युसनची शर्यतीची गाडी

सेनगाव तालुक्यात सोयाबीन निघालं की शेताशेतांत ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यातल्या कित्येकांच्या बॉनेटवर ‘मॅसी फर्ग्युसन’ लिहिलेलं असतं. हे नाव इतकं सवयीचं आहे की फर्ग्युसन नावाचा खराखुरा माणूस होता, हे कुणाच्या मनातही येत नाही. हॅरी फर्ग्युसन, जन्म १८८४, उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९०९ साली त्याने स्वतः बांधलेलं विमान स्वतःच उडवलं. ट्रॅक्टरमागे नांगर किंवा रोटाव्हेटर ज्या तीन दांड्यांना जोडतो आणि हायड्रॉलिकवर उचलतो, ती रचना त्याचीच. आज कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर घ्या, ती असते. एका जन्मासाठी एवढं पुष्कळ झालं. पण वेगवान गाड्यांच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद द्यायच्या खटपटीतही हाच माणूस अग्रभागी होता, आणि ते वाचल्यापासून मला ट्रॅक्टरकडे पहिल्यासारखं पाहताच येत नाही.

चारही चाकांना ताकद कशासाठी? इंजिन कितीही दणकट असो, गाडी पुढे ढकलतात ते टायरच. आणि एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. तेवढ्या रबराची पकड सुटली की उरलेली सगळी ताकद धुरात जाते. हिशेब करून पाहू. टायरची पकड त्यावर पडणाऱ्या वजनाइतकीच धरली आणि चारही चाकं ओढत असली, तर ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला कमीत कमी २.८ सेकंद लागतात. फक्त मागची चाकं ओढत असतील आणि त्यांच्यावर ६० टक्के वजन असेल, तर तोच वेळ ४.७ सेकंदांवर जातो. मग इंजिन ५०० अश्वशक्तीचं असो की हजाराचं, त्याने काही फरक पडत नाही.

मग जोडून टाकावीत चारही चाकं एकमेकांना! इथेच खरी गंमत सुरू होते. वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोन्ही चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. ते दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, पण जोर मात्र दोन्हीकडे सारखाच वाटतं. याचा फटका पावसाळ्यात काळ्या रानात बसतो. एक चाक चिखलात रुतलं की ते गरगर फिरत राहतं आणि टणक जमिनीवरचं दुसरं चाक जागचं हलत नाही, कारण रुतलेल्या चाकाला लागतो तेवढाच जोर त्याच्याही वाट्याला येतो. अशा वेळी ड्रायव्हर टाचेने डिफरन्शियल लॉकचं पॅडल दाबतो, दोन्ही चाकं एकत्र फिरू लागतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो.

आता हेच पुढच्या आणि मागच्या चाकांबाबत पाहा. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. फोर बाय फोर ट्रॅक्टरमध्ये दोन्ही आस सहसा सरळ जोडलेले असतात. शेतातल्या मऊ मातीत चाकं थोडी घसरून आपापला हिशेब जुळवून घेतात. डांबरावर घसरायला वाव नाही, म्हणून टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. ताशी २०० किलोमीटरने वळण घेणाऱ्या गाडीला तर ही जोडणी मुळीच परवडत नाही.

फर्ग्युसनच्या संशोधन कंपनीने यावर तोडगा काढला. मध्ये आणखी एक डिफरन्शियल बसवायचं, म्हणजे पुढची-मागची चाकं आपापल्या वेगाने फिरतील. पण फरक ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ लागला की ते आपोआप आवळलं जाईल. ड्रायव्हरच्या टाचेचं काम यंत्रानेच करायचं. हे दाखवून देण्यासाठी त्यांनी पी-९९ ही शर्यतीची गाडी बांधली. सप्टेंबर १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने ती पहिली आणली. फॉर्म्युला वनची शर्यत फोर व्हील ड्राइव्ह गाडीने जिंकली ती त्या दिवशी, आणि तेवढीच. पुढे १९८३ पासून नियमांनी अशा गाड्यांना बंदीच घातली. फर्ग्युसनला मात्र हा विजय पाहायला मिळाला नाही. तो ऑक्टोबर १९६० मध्येच गेला होता.

१९६६ साली हीच यंत्रणा जेन्सन एफएफ या मोटारीत आली. ३७ टक्के जोर पुढे, ६३ टक्के मागे. सोबत विमानांसाठी बनलेले, चाक जाम होऊ न देणारे ब्रेक. अशा फक्त ३२० गाड्या बनल्या. गाडी महाग होती आणि काळाच्या फार पुढे होती. जगाला ही गोष्ट पटली ती १९८० च्या आउडी क्वाट्रोमुळे. त्या गाडीने रॅलीचं अख्खं गणितच बदललं, आणि १९८१ च्या सान रेमो रॅलीत मिशेल मूटोन ही तीच गाडी घेऊन जागतिक रॅली अजिंक्यपदाची फेरी जिंकणारी पहिली महिला ठरली. क्वाट्रोवाल्या आउडींची जुळणी आज आपल्या मराठवाड्यातही, संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला होते.

ट्रॅक्टरमधली आणखी एक युक्ती मला या सगळ्याहून विलक्षण वाटते. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पॅडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. तास संपून धुऱ्याशी आलं की ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो आणि आतल्या बाजूचं एकच पॅडल दाबतो. ते चाक थबकतं, बाहेरचं ओढत राहतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. १९९७ साली मॅक्लॅरनच्या फॉर्म्युला वन गाडीत नेमकं हेच होतं: मागच्या एकाच चाकाला ब्रेक लावणारं जादा पॅडल. एका छायाचित्रकाराने शर्यतीतून बाद झालेल्या गाडीत कॅमेरा घालून फोटो काढला, तेव्हा हे गुपित फुटलं. त्याचा फायदा इतका मोठा होता की प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली आणि १९९८ मध्ये त्यावर बंदी आली. फॉर्म्युला वनमध्ये गाजलेली ती युक्ती आपल्याकडचा पोरगा दिवसभर धुऱ्याधुऱ्यावर वापरतो!

आजच्या सुपरकारमध्ये हे काम संगणक करतो. स्टिअरिंग किती फिरलंय, कुठलं चाक घसरतंय, गाडी किती गर्रकन वळतेय हे तो सतत मोजतो आणि आतल्या चाकाला हलका ब्रेक लावतो किंवा बाहेरच्याला जास्त जोर देतो. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटार असलेल्या विजेच्या गाडीत तर डिफरन्शियलचीही गरज उरत नाही. पिनिनफारिना बत्तिस्तामध्ये चार चाकांना चार स्वतंत्र मोटारी आहेत. एकूण ताकद सुमारे १,९०० अश्वशक्ती. कंपनीने जाहीर केलेला शून्य ते १०० चा वेळ १.८६ सेकंद, म्हणजे आपल्या हिशेबातल्या २.८ पेक्षाही कमी. कारण तिच्या खास टायरची पकड वजनाहूनही जास्त असते. या गाडीची कंपनी आहे मुंबईच्या महिंद्रा समूहाची, ज्यांचे लाल ट्रॅक्टर सेनगावच्या रानातही राबतात.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना एक सांगणं. बत्तिस्तात एका चाकाला किती अडवायचं हे संगणक ठरवतो. ट्रॅक्टरवर तो तोल सांभाळणारं तुमच्या पायाशिवाय कुणी नाही. भरधाव असताना एकच पॅडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर जागेवर उलटू शकतो. म्हणून शेतातून डांबरी रस्त्यावर चढण्याआधी पुढच्या चाकांची फोर बाय फोर जोडणी काढा, डिफरन्शियल लॉक सुटल्याची खात्री करा आणि दोन्ही ब्रेक पॅडल एकत्र जोडणारी पट्टी लावा.