दाराचे पॅड न मोडता काढणे : क्लिप, बल आणि क्रम

मोटारीच्या दाराची काच अडकली, कुलपाची मोटर बिघडली किंवा स्पीकर बदलायचा झाला, तर आधी दाराचे आतले आवरण काढावे लागते. गॅरेजमध्ये याला ‘डोअर पॅड’ म्हणतात. काम फार तर अर्ध्या तासाचे आहे. तरीही तुटलेल्या क्लिपा, ओरखडलेला रंग आणि नंतर खडखडणारे दार हे त्याचे नेहमीचे परिणाम असतात. ते का होतात आणि कसे टाळावेत, हे या पाठात पाहू.

१. बसवणे सोपे, काढणे अवघड का?

हरियाणातील मानेसरमध्ये मारुती सुझुकीचा मोठा कारखाना आहे. स्विफ्ट आणि डिझायर या गाड्या तिथून लाखोंनी बाहेर पडल्या. अशा जुळणी साखळीवर प्रत्येक कामाला मोजके सेकंद मिळतात. त्यामुळे पॅड बसवणे जलद होईल अशीच त्याची रचना असते : वरची कड काचेच्या फटीजवळ अडकवायची, कडेने तळहाताने दाबायचे, दोन-तीन स्क्रू पिळायचे. काढणाऱ्याची सोय हा त्यात दुसरा विचार असतो.

क्लिपच्या टोकाकडे पाहा. आत जाताना तिचा उतार मंद असतो, म्हणून थोड्या बलात पाकळ्या मिटतात. बाहेर येतानाचा उतार उभट असतो, म्हणून बल बरेच जास्त लागते. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. नाहीतर दार आपटल्यावर पॅड सुटून आले असते.

२. क्लिप कधी तुटते?

क्लिपची पाकळी म्हणजे एका टोकाला घट्ट असलेली छोटी तुळई. तिच्या मुळाशी सर्वाधिक विकृती (लांबीतील बदल भागिले मूळ लांबी) अशी येते :

विकृती = १.५ × जाडी × वाक ÷ लांबी²

जाडी २ मिमी, लांबी १२ मिमी आणि वाक १ मिमी धरा. विकृती १.५ × २ × १ ÷ १४४, म्हणजे सुमारे २.१ टक्के येते. आता पॅड तिरके ओढले आणि एकाच पाकळीवर २ मिमी वाक आला, तर विकृती ४.२ टक्के होते. बल तुम्ही जपून लावलेले असले तरी दिशा चुकल्यामुळे विकृती दुप्पट झाली. म्हणून पहिला नियम : क्लिप तिच्या अक्षाच्या रेषेत, सरळ बाहेर ओढावी.

दुसरी गोष्ट तापमानाची. पॅड बहुधा पॉलिप्रोपिलीनचे असते. तापमान ० अंश सेल्सिअसकडे उतरू लागले की या प्लास्टिकचा चिवटपणा झपाट्याने कमी होतो. मी काही वर्षे मानेसरच्या परिसरात शिकवत होतो. जानेवारीत तिथे पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास असतो. अशाच एका सकाळी मी स्वतःच्या गाडीचे पॅड घाईने ओढले. क्लिपा शाबूत राहिल्या, पण पॅडच्या पाठीवर क्लिप जिथे बसते ती दोन घरे मुळासकट उखडली. क्लिप बाजारात सुटी मिळते. घर मोडले तर ते जोडत बसावे लागते किंवा अख्खे पॅड बदलावे लागते. थंडीत गाडी आधी उन्हात उभी करावी.

३. कामाचा क्रम

१. काच चालत असेल तर पूर्ण वर करा. इग्निशन बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवा आणि त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत सांगितले आहे तेवढा वेळ थांबा. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगशी संबंधित सेन्सर असतो.

२. सर्व स्क्रू शोधा. ते बहुधा आतल्या हँडलच्या मागे, हात धरायच्या खाचेच्या तळाशी आणि आरशाजवळच्या त्रिकोणी झाकणाखाली लपलेले असतात. त्यांवरची छोटी टोपणे आधी काढा. पॅड एका जागी हटून बसले असेल तर तिथे बहुतेक स्क्रू राहिलेला आहे असे समजा आणि ओढणे थांबवा.

३. हाताने फिरवायची काच असेल तर हँडलमागे तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत फडके घालून ते दोन्ही हातांनी पुढे-मागे घासा. क्लिप बाहेर सरकते.

४. रंगावर चिकटपट्टी लावा. खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी आत सरकवा आणि क्लिपच्या अगदी जवळ टेकवा. लांबून उचकटले तर पॅड वाकते आणि क्लिपवर तिरके बल येते. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. त्याचे सगळे बल टोकाच्या लहानशा क्षेत्रावर येते आणि रंगावर वण उठतो.

५. सगळ्या क्लिपा सुटल्यावर पॅड सरळ वर उचला, म्हणजे वरची कड फटीतून निघेल. पॅड लगेच दूर नेऊ नका. मागे हँडलची केबल आणि वायरिंगचे कनेक्टर जोडलेले असतात. कनेक्टरची खिट्टी दाबून तो सोडवा. वायर ओढू नका.

४. मागचा पातळ पडदा

पॅडखाली प्लास्टिकचा पातळ पडदा चिकटवलेला दिसेल. अनेकजण तो फाडून टाकतात. पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या पोकळीत उतरतेच. ते तळाच्या छिद्रांतून बाहेर जावे अशी योजना असते. पडदा या पाण्याला आत येऊ देत नाही. माझ्या त्या दुरुस्तीत पडद्याची एक कड नीट चिकटली नव्हती. जुलैमध्ये पायाखालचा गालिचा ओला राहू लागला आणि गाडीला कुबट वास सुटला. कारण सापडायला दोन आठवडे लागले.

पडद्याचा काळा डिंक धारदार पात्याने हळूहळू कापा, त्याला धूळ लागू देऊ नका आणि परत बसवताना कडेने दाबत जा. पडदा फाटला असेल तर नवा लावा. तळाची छिद्रे मोकळी आहेत का, तेही पाहा.

५. हे नीटनेटकेपणापुरते नाही

वाहनचाचणीची ‘आयकॅट’ ही संस्थाही मानेसरलाच आहे. एआयएस-०९९ या भारतीय मानकानुसार ताशी ५० किमी वेगाने येणारा अडथळा गाडीच्या बाजूवर आदळवून चाचणी घेतात. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना हे मानक लागू झाले. बाजूच्या धडकेत प्रवासी आणि येणारे वाहन यांच्यात दाराएवढेच अंतर असते. काही गाड्यांत दाराच्या पोकळीतील हवेचा दाब अचानक वाढला की सेन्सर धडक ओळखतो. तिथे पडदा फाटका किंवा पॅड सैल राहिले तर दाबाचे ते मोजमाप बिघडू शकते. म्हणून तुटलेली प्रत्येक क्लिप बदलूनच दार बंद करा.

सराव

१. वरील उदाहरणात पाकळीची लांबी १५ मिमी केली तर विकृती किती होईल? लांबी वाढवण्याचा तोटा कोणता?

२. कार्यशाळेतील एखाद्या निकामी दाराचे पॅड काढा. काढण्यापूर्वी प्रत्येक स्क्रू आणि क्लिपची जागा अंदाजाने कागदावर काढा आणि नंतर पडताळून पाहा.