मोटारीच्या रेडिएटरचे झाकण

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने पाव ते एक-तृतीयांश एवढाच भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेपैकी बरीचशी धुराबरोबर निघून जाते, आणि पुष्कळशी इंजिनाच्या धातूत शिरते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूंचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ज्या अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन बनवितात ते तर ६६० अंशांनाच वितळते. तेव्हा धातूत शिरलेली उष्णता क्षणोक्षणी काढून घेतली नाही, तर वंगणतेल निकामी होईल आणि फुगलेले पिस्टन सिलिंडरमध्ये जागच्या जागी आवळले जातील.

ही उष्णता वाहून नेण्याचे काम पाणी करते. सिलिंडरांभोवती ठेवलेल्या पोकळीतून ते फिरते, तापते, वरच्या रबरी नळीवाटे रेडिएटरमध्ये येते आणि तेथील चपट्या, बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याला उष्णता देऊन पुन्हा इंजिनाकडे परतते. फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीच्या बहुतेक नमुन्यांत यासाठी पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व निवलेले खाली उतरते, एवढ्या साध्या नियमावर तिचे भागत असे. आजच्या इंजिनांत पंप असतो, तसाच थर्मोस्टॅटही असतो. थर्मोस्टॅटमधील मेण सुमारे ८० ते ९० अंशांच्या दरम्यान वितळून प्रसरण पावते आणि रेडिएटरकडे जाणारी वाट उघडते. इंजिन फार थंड राहणेही हितावह नसते, म्हणून ही योजना.

या सर्व व्यवस्थेत सर्वांत लहान, सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. पाणी सांडू नये म्हणून बसविलेले साधे बूच, अशी त्याच्याविषयी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ती दाबाचे नियंत्रण करणारी झडप आहे.

द्रवावरील दाब वाढला की त्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली इंग्लंडात असताना जे बंद भांडे तयार केले, त्यात हाडेसुद्धा मऊ शिजत, ती याच तत्त्वावर. घरोघरी शिट्टी देणारा कुकर हा त्याच भांड्याचा वंशज. रेडिएटरचे झाकणही तेच करते. त्याची स्प्रिंग आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ०.९ बारने, म्हणजे जवळजवळ आणखी एका वातावरणाइतका, वाढू देते. त्यामुळे समुद्रसपाटीवर १०० अंशांना उकळणारे पाणी रेडिएटरमध्ये ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पाण्याची वाफ झाली, की तिच्याकडून धातूची उष्णता पाण्याइतक्या त्वरेने वाहून नेली जात नाही. म्हणूनच हे अठरा अंश मोलाचे ठरतात.

डोंगरी मुलखात त्यांचे महत्त्व आणखी वाढते. लडाखमधील खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटर उंचीवर आहे. तेथे हवा इतकी विरळ असते, की उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ८२ अंशांनाच उकळू लागते. थर्मोस्टॅट पुरता उघडण्याच्या सुमारासच पाण्याला उकळी फुटावी, अशी ही स्थिती! झाकण शाबूत असेल तर तेच पाणी तेथेही ११० अंशांपर्यंत उकळत नाही. घाटाच्या चढणीवर बॉनेट उघडून वाफा सोडीत उभ्या राहिलेल्या गाड्यांपैकी एखादीचा तरी दोष इंजिनात नसून झाकणाच्या झिजलेल्या रबरात असू शकतो.

झाकण उलटे करून पाहिल्यास त्याची रचना सहज ध्यानात येते. मोठ्या स्प्रिंगच्या टोकाशी रबरी वॉशर असलेली तबकडी असते. ही दाबाची झडप. तिच्या मध्यभागी आणखी एक चिमुकली झडप असते व ती उलट दिशेने उघडते. वीस अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापताना पाणी सुमारे चार टक्के फुगते, म्हणजे आठ लिटर पाण्याला सुमारे ३०० मिलिलिटर अधिक जागा लागते. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला, की मोठी झडप उचलली जाऊन हे जादा पाणी शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जाते. इंजिन निवल्यावर आत पोकळी निर्माण होते, चिमुकली झडप उघडते आणि तेच पाणी परत ओढून घेतले जाते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते. ते या बाटलीवर बसविलेले असते व बाटलीच दाबाखाली असते. तत्त्व मात्र एकच.

तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे किती घातक आहे, हे आता स्पष्ट होईल. आत ११५ अंशांचे आठ लिटर पाणी आहे असे समजू. झाकण निघताच दाब नाहीसा होतो आणि पाण्याला १०० अंशांवर येणे भाग पडते. वरच्या पंधरा अंशांची उष्णता सुमारे पाव लिटर पाण्याची तत्क्षणी वाफ करण्यास पुरते, आणि ती वाफ साडेतीनशे लिटरांहून अधिक जागा व्यापते. ती उरलेल्या उकळत्या पाण्याला पुढे ढकलीत बाहेर पडते, तीही उघडणाऱ्याच्या तोंडावर आणि हातांवर. ‘हळूच उघडले’ म्हणून हा धोका टळत नाही.

काटा तांबड्या खुणेकडे सरकला तर गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास थांबावे. वरची रबरी नळी हातात सहज धरवेल इतकी निवल्यावरच झाकणावर जाड फडके ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे. फुसफुस पूर्ण थांबली की मग खाली दाबून काढावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये; त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

झाकणाची निगा राखण्यास फारसे कौशल्य लागत नाही. गाडी पूर्ण थंड असताना ते काढावे आणि रबर कडक झाले आहे काय, त्यास चीर पडली आहे काय, स्प्रिंगवर गंज चढला आहे काय, हे पाहावे. रेडिएटरच्या तोंडाची कडाही स्वच्छ पुसावी, कारण तेथील एवढासा क्षार झडपेला नीट बसू देत नाही. सकाळी वरची रबरी नळी चिमटल्यासारखी चपटी झालेली दिसली, तर चिमुकली झडप बहुधा चिकटली आहे असे समजावे. बाटली भरत जाते आणि रेडिएटर रिता होतो, हेही पुष्कळदा त्याच दोषाचे किंवा फाटलेल्या वॉशरचे लक्षण असते. नवे झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा पाहूनच घ्यावे. अधिक दाबाचे झाकण अधिक चांगले, हा विचार रबरी नळ्यांना आणि रेडिएटरच्या सांध्यांना महाग पडतो.

आता आत भरावयाच्या द्रवाविषयी. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. ते तापले की त्यातील चुना धातूवर साचतो, आणि हा थर लोखंडापेक्षा कित्येक पटींनी मंदपणे उष्णता वाहून नेतो. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी आणि इथिलीन ग्लायकॉलयुक्त कूलंट यांचे निर्मात्याने सांगितलेले मिश्रण वापरावे. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते आणि उत्कलनबिंदूही थोडा वाढविते. शिवाय त्यातील गंजरोधक द्रव्ये धातूचे रक्षण करतात. ती कालांतराने संपतात, म्हणून द्रव मुदतीत बदलावा लागतो. दोन प्रकारची कूलंटे केवळ रंग जुळला म्हणून एकत्र करू नयेत; रंग ही प्रकाराची खात्रीची खूण नव्हे.

काढलेला द्रव अंगणात किंवा गटारात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, लहान मुलेही पिण्याचा संभव असतो, आणि थोड्या प्रमाणातही ते मूत्रपिंडे निकामी करू शकते. ते झाकणबंद डब्यात, नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे आणि गॅरेजमध्ये नेऊन द्यावे.