भुवईवरून अनुमान : अवटुग्रंथी आणि केसांची गळती

भुवईचा कानशिलाकडील एक-तृतीयांश भाग विरळ झाला, की त्या व्यक्तीच्या गळ्यातील अवटुग्रंथीचे कार्य मंदावले असले पाहिजे, ही समजूत आता वैद्यकाच्या कक्षेबाहेरही बरीच रूढ झाली आहे. ती निराधार नाही. परंतु ज्या निश्चयाने ती सांगितली जाते तेवढा निश्चय तिच्या ठिकाणी नाही. लक्षणावरून रोगाकडे जाणे हे अनुमान होय, आणि अनुमान पारखण्याची साधने आपल्या नैयायिकांनी फार पूर्वीच सिद्ध करून ठेवलेली आहेत. त्या साधनांनी या एका लक्षणाकडे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय वैद्यकाचा असला तरी भाषेच्या अभ्यासकाला तो अगदीच परका नाही. कारण या समजुतीचा बराचसा भार नावांनीच वाहिलेला आहे.

नावांचीच गोष्ट निघाली म्हणून थोडे विषयांतर. ‘थायरॉइड’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘थुरेओस्’ हा शब्द असून त्याचा अर्थ दाराच्या आकाराची लांबट ढाल असा आहे. ‘थुरा’ म्हणजे दार. संस्कृत ‘द्वार’ आणि आपले ‘दार’ हे त्याचेच सगोत्र. ढालीचे हे नाव प्रथम कंठातील कूर्चेला मिळाले, आणि १६५६ मध्ये टॉमस व्हार्टन या इंग्रज शरीरविदाने ते शेजारच्या ग्रंथीला दिले. आपल्या ‘अवटु’ या शब्दाचा प्रवास याहून विलक्षण आहे. अमरकोशात तो मानेच्या मागील भागाचा वाचक आहे. आधुनिक परिभाषेने त्याला गळ्याच्या पुढील बाजूस आणून बसविले. परिभाषा घडविताना असे होतेच, आणि त्यात काही बिघडत नाही. नाव शोभून दिसले म्हणजे वस्तूही तशीच असणार, असे मानले तर मात्र बिघडते.

अवटुग्रंथीच्या मंदतेचे आधुनिक वर्णन १८७३ मध्ये लंडन येथे विल्यम गल याने केले. मध्यम वयाच्या काही स्त्रियांच्या ठिकाणी चेहऱ्यास सूज, हालचालींत व बुद्धीत जडत्व असा पालट त्याने पाहिला होता. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड याने या विकाराला ‘मिक्सिडीमा’, म्हणजे श्लेष्मल सूज, हे नाव दिले. पुढे १८९१ मध्ये न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे याने मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क एका सेहेचाळीस वर्षांच्या रुग्ण स्त्रीस टोचला, आणि त्या उपचाराच्या बळावर ती आणखी अठ्ठावीस वर्षे जगली. ग्रंथीचा स्राव आणि शरीराची ही अवस्था यांतील कार्यकारणभाव त्यामुळे प्रत्यक्षच सिद्ध झाला. त्या स्रावातील थायरॉक्सिन हे द्रव्य १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल याने वेगळे केले.

आता केसांकडे वळू. डोक्यावरील केस अखंड वाढत असतो असे आपणांस वाटते, वस्तुतः प्रत्येक केसाचे मूळ आपापल्या कालगणनेने चालत असते. वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते. तिच्यामागून दोन-तीन आठवड्यांची संक्रमणाची अवस्था येते, आणि मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांती. विश्रांतीच्या अखेरीस जुना केस गळतो व त्याच मुळातून नवा उगवतो. सामान्यतः डोक्यावरील दहांपैकी जवळजवळ नऊ केस वाढीच्या अवस्थेत असतात. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळूनही डोके भरलेलेच दिसते. केसांच्या मुळांतील पेशी शरीरातील अत्यंत वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींपैकी आहेत, आणि अवटुग्रंथीचे हॉर्मोन वाढीची अवस्था लांबविते असे प्रयोगशाळेत ठेवलेल्या मानवी केसमुळांवरून दिसून आले आहे. हॉर्मोन कमी पडले म्हणजे अनेक मुळे वेळेपूर्वीच विश्रांतीस जातात आणि नव्याने वाढीस लागण्यास विलंब करतात. गळती सर्व डोक्यावर सारखी पसरलेली असते, आणि जे केस उरतात तेही कोरडे, राठ व ठिसूळ होतात. ग्रंथीचे कार्य प्रमाणाबाहेर वाढले तरीही केस गळतात, मात्र तेव्हा ते मऊ व बारीक झालेले असतात.

या कालगणनेत एक गोष्ट अंतर्भूत आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. विश्रांतीस गेलेला केस लगेच गळत नाही, दोन-तीन महिन्यांनी गळतो. म्हणजे आज कंगव्यात दिसणारी गळती ही काही महिन्यांपूर्वीच्या घटनेची वार्ता होय. उपचारासही हाच नियम लागू आहे. लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू करून रक्तातील प्रमाण सुधारले तरी केस पूर्ववत होण्यास कित्येक महिने जातात; क्वचित आरंभी गळती वाढल्यासारखीही वाटते. पुष्कळ रुग्ण याच टप्प्यावर निराश होऊन औषध सोडतात, आणि नुकसान केवळ केसांपुरते राहत नाही.

भुवईच्या केसांची वाढीची अवस्था अवघी एक-दोन महिन्यांची असते. म्हणूनच भुवई डोक्यावरील केसांसारखी लांब वाढत नाही, आणि तिचे पुष्कळसे केस कोणत्याही क्षणी विश्रांतीतच असतात. तिच्यावर ग्रंथीच्या मंदतेचा परिणाम व्हावा यात नवल नाही. परंतु तो बाहेरच्या टोकावरच अधिक का व्हावा, याचे सर्वमान्य उत्तर वैद्यकाजवळ नाही. तरी या चिन्हाला दोन भारदस्त नावे मिळाली आहेत. एक नाव अँटवर्प येथील वैद्य यूजीन हेर्टोघ (१८६०–१९२८) याचे. दुसरे ‘राणी ॲनचे चिन्ह’. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याची पत्नी, डेन्मार्कची ॲन, हिच्या चित्रांतील तुटक्या भुवयांवरून ते पडले असे सांगतात. राणीला अवटुग्रंथीचा विकार होता यास पुरावा नाही. त्या काळी दरबारी स्त्रिया कपाळ विशाल दिसावे म्हणून भुवया उपटीत असत, हे मात्र सर्वश्रुत आहे. चित्रकाराने काढलेली फॅशन अशा रीतीने रोगाचे नाव होऊन बसली!

न्यायाच्या भाषेत येथील साध्य ‘ग्रंथीची मंदता’ आणि हेतू ‘भुवईचे विरळ टोक’. हेतू जेथे जेथे असेल तेथे तेथे साध्य असले पाहिजे, ही व्याप्ती. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष आहे, पण अग्नीवरून धुराचे नाही; कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. अशा हेतूस सव्यभिचार म्हणतात. आपला हेतू नेमका त्याच जातीचा आहे. त्वचेच्या जुनाट खाजेने डोळ्यांभोवती सतत चोळले गेले तरी भुवई विरळ होते. उपदंशाच्या दुसऱ्या अवस्थेत, कपाळावरील केसमुळे कायमची नष्ट करणाऱ्या एका केशविकारात, वार्धक्यात, आणि वर्षानुवर्षे दोऱ्याने भुवया कोरल्यामुळेही तसेच होते. आपल्या देशात तर कुष्ठरोगाचे स्मरण प्रथम व्हावयास हवे. भुवया झडणे हे त्याच्या पसरट प्रकाराचे जुने, परिचित चिन्ह आहे. २००५ च्या अखेरीस भारताने राष्ट्रीय पातळीवर ‘निर्मूलना’चे उद्दिष्ट गाठले, पण त्याचा अर्थ दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता, नवे रुग्ण आजही सापडतात. भुवई पाहून ‘थायरॉइड’ म्हणणाऱ्याने कातडीवरील बधिर चट्टा पाहिलाच नाही, तर उपचारास होणारा विलंब हातापायांच्या नसांना भोवतो.

अग्नीपासून धूर निघण्यास ओले सर्पण लागते. नैयायिक यालाच उपाधी म्हणतात. भुवईच्या बाबतीत हे ओले सर्पण म्हणजे सोबतची लक्षणे : थकवा, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, मंद नाडी, वाढते वजन. ही जुळून आली तर अनुमानास बळ येते, तरीही निर्णय रक्ताच्या तपासणीनेच होतो. ग्रंथी मंदावली की पोष ग्रंथी (पिट्यूइटरी) तिला चेतविणारे हॉर्मोन, म्हणजे टी. एस. एच., अधिक प्रमाणात सोडते. म्हणून ते वाढलेले आढळते. क्वचित दोष पोष ग्रंथीतच असतो. त्याकरिता थायरॉक्सिनही मोजावे लागते.

या तपासणीतही एक खाच आहे. केस गळू लागले की पुष्कळ लोक आपल्या मनाने बायोटिनच्या गोळ्या घेतात. हे जीवनसत्त्व अनेक प्रयोगशाळांच्या मापनपद्धतीतच वापरलेले असते. त्यामुळे रक्तात त्याचे प्रमाण फार असेल तर टी. एस. एच. खोटेच कमी आणि थायरॉक्सिन खोटेच अधिक दिसते. अशा वेळी मंदावलेली ग्रंथी कागदावर निरोगी, किंवा उलट अतिकार्यशील ठरू शकते. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे होणाऱ्या अशा चुकांविषयी जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी, आणि ती आपण घेत होतो हे डॉक्टरांस न विसरता सांगावे.