आधी साडी गार्ड काढा!

मोटारसायकलच्या मागच्या चाकाशेजारची ती जाळी ही कंपनीची हौस नव्हे, तो कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ क्रमांकाचा नियम म्हणतो की मागे बसणाऱ्याला धरायला हँडल हवं, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं तरी मागचं चाक झाकलेलं हवं. रेसट्रॅकवर मागे कुणीच बसत नाही. त्यामुळे पहिल्या ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपलीच गाडी हौसेने ट्रॅकवर पळवायच्या दिवसासाठी, ती तयार करताना पहिला पाना लागतो तो साडी गार्डला.

मग आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट. साइड स्टँड काढा, नाहीतर घट्ट बांधून टाका. हेडलाइटच्या काचेवर टेप चिकटवा, म्हणजे गाडी पडलीच तर तुकडे ट्रॅकभर उधळणार नाहीत. आणि गाडी घेताना वडिलांनी अट घालून बसवलेला तो लेग गार्ड? तोही उतरवायचा. रस्त्यावर तो पाय वाचवतो. ट्रॅकवर गाडी वळणात जास्त झुकते, गार्ड डांबराला टेकतो आणि टायरच जमिनीवरून उचलला जातो. वडिलांना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आरसे काढण्यामागे काच फुटण्याची भीती आहेच, पण त्यात ट्रॅकचं नागरिकशास्त्रही आहे. पुढच्याने आपली लाइन सोडायची नाही, ओलांडण्याची जबाबदारी संपूर्ण मागच्याची. हॉर्न नाही, डिपर नाही, ‘ओ काका, बाजूला घ्या’ नाही. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर गाडी शिकलेल्या माणसाला यावर विश्वास बसायला दोन-तीन फेऱ्या लागतात.

जायचं कुठे?

जुनं आणि जाणतं ठिकाण म्हणजे चेन्नईजवळ, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. लांबी ३.७ किलोमीटर. तो होण्याआधी मद्रासच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा. एस. करिवर्धन यांचं नाव लावणारा हा ट्रॅक छोट्या गाड्यांच्या मापाचा आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, आणि त्याचा मोठा सरळ पट्टा एकटाच किलोमीटरभर लांब. दीडशे सीसीची गाडी घेऊन तिथे गेलात, तर त्या पट्ट्यावर टाकीवर हनुवटी टेकवून एक जांभई देऊन होते. म्हणून पहिल्यांदा कारी बरा, असं माझं मत.

दीडशे सीसीत काय होणार?

बरंच काही. २००८ साली यामाहाची आर१५ आली ती १४९.८ सीसी आणि १७ पीएसची. या वर्गातल्या गाड्यांवर आपल्याकडे पुढे रीतसर शर्यती झाल्या. छोट्या इंजिनाला घालवलेला वेग परत कमवायला वेळ लागतो, त्यामुळे वळणात उगाच ब्रेक लावलात की पुढचा सगळा सरळ पट्टा त्याची शिक्षा भोगावी लागते. हजार सीसीवाला तीच चूक मनगट पिळून झाकतो आणि काहीच शिकत नाही.

वेगाचं गणितही मजेशीर आहे. ताशी ६० वरून १२० वर गेलात की वेग दुप्पट होतो, पण ब्रेकना गिळावी लागणारी ऊर्जा चौपट. ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. डॉट ४ जातीचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, हे प्रमाण. पण हे द्रव हवेतली ओल शोषतं, आणि ओल खाल्लेल्या त्याच ऑइलसाठी प्रमाण उतरतं १५५ वर. म्हणजे तीन पावसाळे काढलेलं ब्रेक ऑइल घेऊन ट्रॅकवर गेलात, तर चौथ्या-पाचव्या फेरीला लिव्हर लोण्यात बोट रुतावं तसा हँडलपर्यंत येऊ शकतो. नवा सायलेन्सर लावायला काढलेले पैसे आधी ब्रेक ऑइल, पॅड आणि चेन-स्प्रॉकेटवर घाला. सायलेन्सरने फक्त शेजारी वेगाने जागे होतात.

लिक्विड-कूल्ड गाडी असेल, तर बहुतेक ठिकाणी कूलंट काढून साधं डिस्टिल्ड वॉटर भरायला सांगतात. ग्लायकॉलवालं कूलंट ट्रॅकवर सांडलं की निसरडं होतं आणि लवकर वाळत नाही, पाणी वाळतं. एअर-कूल्ड गाडीवाल्यांनी हा परिच्छेद हसत वाचावा.

शर्यतीच्या गाड्यांचे काही बोल्ट तारेने बांधलेले दिसतात. इंजिन ऑइलच्या बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून स्टीलची तार ओवतात, आणि ती अशा बाजूने ताणतात की बोल्ट ढिला व्हायला गेला की तारच त्याला घट्ट बाजूला ओढते. हौशी ट्रॅक डेला ही सक्ती नसेलही, पण बोल्ट मात्र पान्याने तपासलेला हवाच. एका गाडीचं ऑइल सांडलं की सगळ्यांची सकाळ वाया जाते.

हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजून घ्या आणि गाडी आत आल्या-आल्या पुन्हा मोजा. टायर तापतो, दाब चढतो.

गुडघा राहू द्या

वळणात गुडघा जमिनीला टेकवण्याची फॅशन रुजवणाऱ्यांत फिनलंडचा यार्नो सारिनेन अग्रभागी, १९७२ चा २५० सीसी विश्वविजेता. बर्फावरच्या शर्यतींत घडलेला माणूस. त्याला पाहून अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्सने ती ढब उचलली. सुरुवातीला गुडघ्याला नुसत्या टेपचे थर गुंडाळत, मग प्लास्टिकचे स्लायडर आले. तुम्ही पहिल्या दिवशी गुडघा टेकवायला जाऊ नका. वेग आणि बसण्याची पद्धत जमली की तो आपोआप टेकतो. मुद्दाम टेकवला की बाकी सगळंच टेकतं.

त्यापेक्षा महिनाभर आधीपासून बैठका मारा. वळणावर शरीर मांड्यांनी टाकीला धरून ठेवायचं असतं. मांड्या दमल्या की भार मनगटांवर येतो आणि हँडल आखडतं.

खरी अडचण डोळ्यांची. खड्ड्यांनी आपल्याला चाकापुढचे दहा फूट बघायला शिकवलंय. ट्रॅकवर नजर पुढच्या वळणाच्या तोंडाशी हवी, कारण गाडी नजरेमागे जाते. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल काढणारे कीथ कोड यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात लक्षाला दहा डॉलरच्या नोटेची उपमा दिली आहे: प्रत्येक कामावर थोडे खर्च होतात, सवय झाली की खर्च कमी. पहिल्या दिवशी नवख्याचे सात डॉलर गिअर कुठला आहे यातच जातात. त्यांच्या शाळेचे वर्ग चेन्नईच्या ट्रॅकवरही झालेत.

अंगावर काय? पूर्ण लेदर सूट, एकसंध किंवा चेनने जोडलेला. अनेक ठिकाणी भाड्याने मिळतो. घोट्यावर जाणारे बूट, मनगट झाकणारे हातमोजे, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, आणि त्याचा पट्टा शक्यतो दोन कड्यांतून ओवायचा. चेन्नईच्या उन्हात या सुटात घामाच्या धारा लागतात, तेव्हा तहान लागायच्या आधीच पाणी प्या. सकाळी इडली-वडा बेतानेच. टाकीवर पोट दाबून झोपायचंय.

झेंडे पाठ हवेत. पिवळा: पुढे धोका, ओलांडू नका. लाल: सेशन थांबलं, हळू पिटमध्ये या. पिवळ्यावर लाल पट्टे: रस्ता निसरडा. काळा दाखवून तुमच्याकडे बोट केलं, तर आत येऊन बोलणी खा.

विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीचा वापर वगळलेला असतो. फेअरिंग फुटलं तर खर्च तुमचा.

राहता राहिला गाडी तिथवर नेण्याचा प्रश्न. पुण्याहून चेन्नईचा ट्रॅक हजार किलोमीटरहून लांब. एवढं चालवत गेलात तर ट्रॅकवर झोप येईल. रेल्वेच्या पार्सलमधून गाडी जाते, पण टाकी पूर्ण रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून. म्हणजे चेन्नईला उतरल्यावर पहिला व्यायाम ठरलेला: पेट्रोलपंप सापडेपर्यंत गाडी ढकलायची. बैठका तिथेच कामाला येतात.