प्रभातच्या मांडवात ‘सीता कल्याणम्’

‘सीता कल्याणम्’ हा १९३४ साली पडद्यावर आलेला तमिळ संगीतपट प्रभात फिल्म कंपनीने काढला आणि बाबूराव पेंढारकरांनी दिग्दर्शित केला. रामायणातील शिवधनुष्याचा भंग आणि राम-सीतेचा विवाह हे त्याचे कथानक. गाणी पापनाशम् शिवन् यांची. मराठी स्टुडिओची कारागिरी आणि कर्नाटक संगीत यांच्या या मेळामुळे तमिळ चित्रसृष्टीला पुढे अनेक वर्षे पुरणारी माणसे मिळाली. म्हणून या चित्रपटाचे मोल एका पौराणिक बोलपटापेक्षा मोठे आहे.

तमिळ बोलपटाचा जन्मच मुंबईत झाला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित करणाऱ्या अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीने त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ‘कालिदास’ आणला. एच. एम. रेड्डी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची नायिका होती टी. पी. राजलक्ष्मी. त्यात तमिळबरोबर तेलुगू संवादही होते. मद्रासमध्ये तेव्हा ध्वनिमुद्रणाची सोय असलेला स्टुडिओ नव्हता. ए. नारायणन् यांनी श्रीनिवास सिनेटोन उभारले ते १९३४ मध्ये. तोवर तमिळ निर्मात्यांना नट, गायक आणि वादक घेऊन मुंबई, कलकत्ता किंवा कोल्हापूर-पुण्याची वाट धरावी लागे.

प्रभातची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे भागीदार. दामले, फत्तेलाल आणि शांताराम बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले होते. नेपथ्य, वेशभूषा, छायाचित्रण आणि प्रक्रिया ही सारी कामे हातांनी करत शिकलेली ही मंडळी होती. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ त्यांनी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. एकाच मांडणीत एकच प्रसंग दुसऱ्या भाषेत पुन्हा चित्रित करण्याची शिस्त त्यांना तिथे लागली. राजवाडे, दरबार, रथ आणि मुकुट यांची परंपरा तयार होती. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. परभाषेतला पौराणिक चित्रपट हाती घेण्याची तयारी अशा रीतीने आधीच झालेली होती.

कथानकही या भूमीला नवे नव्हते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, आणि मराठी रंगभूमीचा इतिहास तिथून सांगितला जातो. दक्षिणेत हीच कथा हरिकथेतून घरोघर पोचली होती. तमिळ हरिकथेच्या घडणीत मराठी कीर्तनाचा वाटा मोठा. तंजावरचे कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी मराठी कीर्तनकारांची निरूपणाची पद्धत आत्मसात केली, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तमिळ कथाकथनात रुजवली. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून तंजावरला गेलेल्या परंपरेचे हे संचित विसाव्या शतकात प्रभातच्या स्टुडिओत तमिळ चित्रपटाच्या रूपाने परत आले.

पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा हिंदुस्थानात सुरू झाली नव्हती. नटाला कॅमेऱ्यापुढे उभे राहून स्वतःच गावे लागे. वादक चौकटीबाहेर बसत, आणि अभिनय व गाणे एकाच वेळी मुद्रित होई. साहजिकच गळा असलेल्या माणसांची निवड आधी व्हायची. रामाच्या भूमिकेसाठी मैलापूरचा एस. राजम् निवडला गेला. १९१९ मध्ये जन्मलेला हा मुलगा तेव्हा पंधराच्या आसपासचा होता. सीता झाली त्याची सख्खी बहीण एस. जयलक्ष्मी. भावा-बहिणीने पती-पत्नीच्या भूमिका कराव्यात, हे सनातनी मंडळींना रुचले नाही. वडील सुंदरम् अय्यर यांनीही चित्रपटात काम केले. धाकटा एस. बालचंदर रावणाच्या दरबारात कंजिरा वाजवताना दिसला.

पापनाशम् शिवन् (१८९०–१९७३) यांचे चित्रपटातले हे पहिलेच काम. मैलापूरच्या रस्त्यांतून मार्गळी महिन्यात भजन करत फिरणारे हे वाग्गेयकार राजमचे गुरू होते. शास्त्रीय रागांतली सोपी, भक्तिपर तमिळ पदे हे त्यांचे वैशिष्ट्य. मैफलीतला राग चित्रपटात नेऊन सामान्य श्रोत्यांच्या तोंडी बसवण्याचे काम त्यांनी पुढे आयुष्यभर केले. ‘अशोक कुमार’ (१९४१), ‘शिवकवी’ (१९४३) आणि ‘हरिदास’ (१९४४) या चित्रपटांची त्यांची गाणी एम. के. त्यागराज भागवतरांनी गायिली. १९४४ च्या दिवाळीत लागलेला ‘हरिदास’ मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात तीन दिवाळ्या पाहून गेला.

पडद्यामागेही तितकीच मोलाची माणसे होती. मद्रासहून ‘साउंड अँड शॅडो’ हे चित्रपटविषयक नियतकालिक चालवणारे मुत्तुस्वामी अय्यर ऊर्फ मुरुगदास, के. रामनाथ आणि ए. के. शेखर हे तिघे या निर्मितीत सामील झाले. प्रभातमधला अनुभव घेऊन ते मद्रासच्या वेल पिक्चर्समध्ये गेले, आणि तिथल्या पहिल्या स्टुडिओंपैकी एक त्यांच्या हातांनी घडला. मुरुगदासांनी पुढे मद्रासच्या जेमिनी स्टुडिओसाठी ‘नंदनार’ (१९४२) दिग्दर्शित केला. ‘चंद्रलेखा’ (१९४८) मधल्या प्रचंड नगाऱ्यांच्या नृत्याच्या सिद्धीत रामनाथ आणि शेखर यांचा मोठा वाटा होता.

राजम् पुढे कर्नाटक संगीतातला विद्वान गायक आणि चित्रकार म्हणून मान्यता पावला. त्यागराज, दीक्षितर आणि श्यामा शास्त्री या त्रिमूर्तींची त्याने काढलेली चित्रे दक्षिणेत घरोघर पोचली. बालचंदर श्रेष्ठ वीणावादक झाला, आणि १९५४ मध्ये त्याने एकही गाणे नसलेला ‘अंद नाळ’ दिग्दर्शित केला. प्रभातच्या पुण्यातल्या वास्तूत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तमिळ चित्रपट मद्रासच्या स्टुडिओंत वाढला हे खरेच. पण त्या स्टुडिओंना कसबी हात पुरवणाऱ्या सुरुवातीच्या शाळांमध्ये प्रभातचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मराठी चित्रपटाच्या इतिहासात ‘सीता कल्याणम्’ ला स्वतंत्र जागा मिळायला हवी, ती याच कारणासाठी.